स्पॅनिशमधलं 'माझं-तुझं' परत परत चुकतंय? आधी चूक कुठे होते ते बघा

तक्रार साधारण एकाच छापाची असते. आकडे येतात, वेळ सांगता येते, जेवण मागता येतं, क्रियापदंसुद्धा बऱ्यापैकी जमतात. पण 'माझा, तुझा, त्याचा, आमचा' आलं की गाडी अडते. 'नुएस्त्रो कासा' म्हणून जातं, 'मिस पाद्रे' लिहिलं जातं, शिकवणारा लाल खूण करतो आणि पंधरा दिवसांनी तीच चूक नव्या वाक्यात हजर होते. क्रूझवर किचन किंवा हाउसकीपिंगला जाणारी रत्नागिरी-देवगडकडची मुलं असोत की तारकर्लीला होमस्टे चालवणारी मंडळी, चुकण्याच्या जागा त्याच असतात.

तक्ता पुन्हा पाठ करून हे जात नाही, कारण तक्ता पाठच असतो. बिघाड मधल्या वाटेत असतो. मराठी वाक्य आधी मनात इंग्रजीत नेलं जातं आणि तिथून स्पॅनिशमध्ये. इंग्रजीत वस्तूचं लिंग नाही आणि 'माझा' शब्द वस्तूप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे मराठीने हातात दिलेली माहिती वाटेतच सांडते. 'आमची होडी' आणि 'आमचा आंबा' यांत 'आमचा' कशामुळे बदलला हे पहिलीतल्या मुलाला सांगावं लागत नाही. स्पॅनिशचा मूळ नियम तोच आहे: शब्द मालकाकडे बघून नाही, वस्तूकडे बघून बदलतो. म्हणून मराठीतून थेट जा. मात्र मराठीही काही ठिकाणी दगा देते, आणि खालचा बराचसा मजकूर त्या ठिकाणांबद्दलच आहे.

(स्पॅनिश शब्द एकेरी अवतरणात देवनागरीत दिले आहेत. 'मी' आणि 'तू' दिसले की सावध राहा: अवतरणातला 'मी' म्हणजे माझा, 'तू' म्हणजे तुझा. नवशिक्याची पहिली ठेच इथेच लागते, आणि ती फक्त मराठी माणसालाच लागते.)

आधी सामान मोजून घ्या

एका वस्तूसाठी 'मी', 'तू', 'सू' (त्याचा, तिचा, त्यांचा, आदराने तुमचा). अनेक वस्तूंसाठी 'मिस', 'तुस', 'सुस'. या तिघांना लिंग नाही. 'मी बार्को' (माझं जहाज), 'मी बार्का' (माझी होडी), दोन्हीकडे 'मी' तसाच. 'आमचा-आपला' यासाठी चार रूपं: 'नुएस्त्रो', 'नुएस्त्रा', 'नुएस्त्रोस', 'नुएस्त्रास'. स्पेनमध्ये दोस्तमंडळींना 'तुमचा' म्हणायला 'बुएस्त्रो', त्याचीही अशीच चार. लिहिताना तो व्ही अक्षराने लिहितात, उच्चार ब. लॅटिन अमेरिकेत 'बुएस्त्रो' बोलण्यात नसतो, तिथे अनेकांनाही 'सू'च. तुमच्या जहाजावरचे सहकारी मेक्सिको, कोलंबिया, पेरूचे असतील तर 'बुएस्त्रो' ऐकून ओळखता आला म्हणजे झालं, बोलायची गरज नाही. अर्जेंटिना आणि उरुग्वेचे लोक 'तू' ऐवजी 'बोस' म्हणतात, पण 'तुझा' त्यांच्याकडेही 'तू'च, त्यामुळे तिथे वेगळं काही शिकायचं नाही.

हे शब्द नामाच्या आधी येतात आणि त्यांच्यापुढे 'एल' किंवा 'ला' (इंग्रजीतल्या 'द'सारखी उपपदं) लागत नाही. 'ला मी कासा' चूक. गोव्याच्या बाजूला ज्यांच्या कानावर पोर्तुगीज पडलेलं असतं त्यांच्याकडून हे हमखास होतं, कारण पोर्तुगीजमध्ये 'आ मिन्या काझा' असं उपपद लावून म्हणतात. शिवाय पोर्तुगीजमध्ये 'माझा'लाही लिंग आहे, स्पॅनिशच्या 'मी'ला नाही. दोन्ही भाषा जवळच्या, म्हणूनच गफलत जास्त.

लक्षण: 'नुएस्त्रो कासा', 'नुएस्त्रा प्रोब्लेमा'

इथे नियम माहीत असतो, वस्तूचं लिंग चुकतं. मराठीत तीन लिंगं, स्पॅनिशमध्ये दोन. पंचाईत आहे ती नपुंसकलिंगी शब्दांची, कारण ते दोन्हीकडे वाटले जातात आणि वाटणीला नियम नाही. आमचं घर: 'नुएस्त्रा कासा'. आमचं जहाज: 'नुएस्त्रो बार्को'. आमचं जाळं: 'नुएस्त्रा रेद'. आमचं झाड: 'नुएस्त्रो आर्बोल'. आमचं मीठ आणि आमचं दूध दोन्ही स्त्रीलिंगी: 'नुएस्त्रा साल', 'नुएस्त्रा लेचे'. आमचं गाव पुल्लिंगी: 'नुएस्त्रो पुएब्लो'.

मालवणी बोलणाऱ्यांना इथे एक गंमत मिळते. 'आमचो झील', 'आमचो आंबो' यातला ओ थेट 'नुएस्त्रो'च्या ओला जुळतो, 'आमचा घर' यातला आ योगायोगाने 'नुएस्त्रा कासा'ला जुळतो. पण मालवणीतला तो आ नपुंसकाचा आहे, स्पॅनिशमधला स्त्रीलिंगाचा. त्यामुळे 'आमचा झाड' म्हणणारा 'नुएस्त्रा आर्बोल' करून बसतो. 'ओ' दोन्हीकडे पुल्लिंगाचाच आहे, 'आ'वर मात्र विसंबू नका.

शेवटच्या अक्षरावरून लिंग ओळखायची युक्ती (ओ पुल्लिंगी, आ स्त्रीलिंगी) बहुतेक वेळा चालते, पण रोजच्या वापरातलेच काही शब्द तिला जुमानत नाहीत. 'प्रोब्लेमा' (अडचण), 'इदिओमा' (भाषा), 'क्लिमा' (हवामान), 'सिस्तेमा', 'प्रोग्रामा' हे ग्रीकमधून आलेले, मा ने संपणारे, सगळे पुल्लिंगी. 'मापा' (नकाशा) आणि 'दीआ' (दिवस) हेही पुल्लिंगी. उलट 'मानो' (हात), 'फोतो', 'मोतो' (मोटरसायकल) हे ओ ने संपूनही स्त्रीलिंगी. आपला हात पुल्लिंगी आणि फोटोही पुल्लिंगी, म्हणून 'नुएस्त्रो फोतो' तोंडातून निसटतंच. बरोबर 'नुएस्त्रा फोतो'.

पाण्याचा प्रकार वेगळा आहे. 'आग्वा' स्त्रीलिंगी आहे, पण जोर असलेल्या आ ने सुरू होत असल्यामुळे लगेच आधी 'ला' न येता 'एल' येतो: 'एल आग्वा'. त्यावरून शिकणारा 'नुएस्त्रो आग्वा' म्हणतो. ते चूक. 'नुएस्त्रा आग्वा'.

यावरचा उपाय असा: नवा शब्द वहीत एकटा उतरवू नका, आणि 'एल-ला' लावूनही नको, 'नुएस्त्रो' किंवा 'नुएस्त्रा' लावून उतरवा. 'आग्वा'सारखे शब्द मग फसवत नाहीत. सुरुवात घरातल्या आणि कामावरच्या वीस वस्तूंनी करा, ज्यांचं नाव दिवसातून एकदा तरी घेता: चावी ('नुएस्त्रा याबे'), साबण ('नुएस्त्रो खाबोन'), पाव ('नुएस्त्रो पान'), बटाटा ('नुएस्त्रा पाताता', लॅटिन अमेरिकेत 'नुएस्त्रा पापा'), मेज ('नुएस्त्रा मेसा'). चावी, पाव, बटाटा हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्याला लागलेले, म्हणून स्पॅनिश नाव ओळखीचं वाटतं. ओळख नावाची असते, लिंगाची नाही: आपला बटाटा पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी.

समुद्राचं काय? 'मार' एरवी पुल्लिंगी, 'नुएस्त्रो मार'. पण स्पॅनिश बोलणारे खलाशी आणि मच्छीमार त्याला स्त्रीलिंगी करून 'ला मार' म्हणतात. त्यांच्याकडून ऐकलंत तर दुरुस्त करायला जाऊ नका, तुम्ही लिहिताना मात्र पुल्लिंगी लिहा.

लक्षण: 'मिस पाद्रे', 'मिस तीओ'

ही चूक शंभर टक्के मराठीची. आपण वडिलांना अनेकवचनात बोलतो: माझे बाबा आले, माझे काका मुंबईला असतात. 'माझे' ऐकून हात आपोआप 'मिस'कडे जातो. स्पॅनिशमध्ये आदरासाठी नातेवाइकांचं अनेकवचन होत नाही. माणूस एक तर 'मी': 'मी पाद्रे', 'मी तीओ', 'मी आबुएलो'.

व्याकरणाची चूक एवढ्यावर थांबली असती तर ठीक, पण अर्थही बदलतो. 'मिस पाद्रेस' म्हणजे माझे आईवडील. 'मिस तीओस' म्हणजे काका-काकू (किंवा मामा-मामी). 'मिस आबुएलोस' म्हणजे आजी-आजोबा. 'माझे काका दुबईला आहेत' हे 'मिस तीओस' करून सांगितलंत तर ऐकणारा काकूंची पण विचारपूस करील. जाता जाता: आपल्याकडचा 'पाद्री' हा याच 'पाद्रे'चा भाऊ, आणि स्पॅनिशमध्येही 'पाद्रे' दोघांना चालतो, वडिलांना आणि चर्चमधल्या फादरना.

तपासायची पद्धत सोपी आहे. त्या माणसाला क्षणभर अरे-तुरे करा. 'माझा बाबा आला' असं म्हणून बघा (मोठ्याने नको). एकवचन झालं की 'मी'. खरोखर दोन काका असतील तर 'मिस दोस तीओस'.

लक्षण: 'आ मिस एर्माना'

मराठीतला 'माझ्या' दोन कामं करतो. 'माझ्या बहिणी' यात तो अनेकवचन आहे, 'माझ्या बहिणीला' यात एकाच बहिणीचं सामान्यरूप आहे. 'तुझ्या, त्याच्या, तिच्या, आमच्या' यांचंही तेच. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की मराठीत रूप बदलतं: माझं घर, पण माझ्या घरात. स्पॅनिशमध्ये 'एन' (-त), 'आ' (-ला), 'दे' (-चा), 'कोन' (-बरोबर) आधी आले तरी पुढच्या शब्दाला धक्का लागत नाही: 'मी कासा', 'एन मी कासा', 'दे मी कासा'.

म्हणून प्रत्यय काढून नाम मूळ रूपात आणा. 'माझ्या होडीत' यातून 'त' काढा: होडी. किती? एक. तर 'एन मी बार्का'. 'आमच्या बागेतले आंबे' इथे 'आमच्या' कुणाला लागला? बागेला, आंब्यांना नाही. बाग एक, 'ऊएर्ता' स्त्रीलिंगी: 'लोस मांगोस दे नुएस्त्रा ऊएर्ता'. हापूसच्या पेटीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर ही ओळ 'नुएस्त्रोस ऊएर्ता' अशी होते, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आंबे असतात.

लक्षण: 'सू' की 'सुस', आणि नक्की कुणाचा?

इथे मराठी श्रीमंत आहे आणि स्पॅनिश काटकसरी. त्याचा, तिचा, त्यांचा (अनेक जणांचा), त्यांचा (एकाच आदरणीय माणसाचा), तुमचा (आदराने एकाचा), आपला, आणि लॅटिन अमेरिकेत तुमचा (अनेकांचा): इतक्या सगळ्यांना मिळून एक 'सू'. मालक पुरुष की बाई, एक की दहा, याचा 'सू'वर काहीही परिणाम होत नाही. 'त्यांचं घर' यात घर एक, म्हणून 'सू कासा', मालक पाच भाऊ असले तरी. 'त्याची जाळी' यात तो एकटा, पण जाळी तीन, म्हणून 'सुस रेदेस'. माणसं मोजू नका, वस्तू मोजा.

आणखी एक अडथळा कानाचा आहे. कॅरिबियन भागात आणि दक्षिण स्पेनमध्ये शब्दाच्या शेवटचा स बोलताना विरघळतो, 'सुस रेदेस' ऐकायला 'सुह रेदेह' किंवा नुसतंच 'सु रेदे' येतं. क्युबा किंवा डोमिनिकन रिपब्लिकच्या सहकाऱ्याकडून कानाने शिकलेला माणूस लिहिताना तो स गाळतो. बोलण्यात चालून जाईल, लिहिण्यात नाही.

आता कुणाचा हा प्रश्न. 'राजू आब्लो कोन सुनीता एन सू कासा': राजू सुनीताशी बोलला, पण कुणाच्या घरी? वाक्य सांगत नाही. संदर्भातून कळत असेल तर तसंच सोडा, स्पॅनिश माणूसही सोडतो. कळत नसेल तर 'सू' काढून टाका आणि 'एन ला कासा दे एया' (तिच्या) किंवा 'एन ला कासा दे एल' (त्याच्या) म्हणा. तुमच्या म्हणायचं असेल तर 'दे उस्तेद'. 'सू कासा दे एया' असं दोन्ही एकत्र मेक्सिकोकडच्या बोलण्यात ऐकू येतं. शिकणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

मेक्सिकन सौजन्याचा एक नमुना इथे सांगण्यासारखा आहे. तिथला माणूस स्वतःच्या घराबद्दल बोलताना 'सू कासा', म्हणजे तुमचं घर, असं म्हणतो. 'शनिवारी तुमच्या घरी जेवायला या' म्हणजे त्याच्या घरी. कोकणात 'आपलंच घर समजा' म्हणतात, तेच हे, फक्त समजा हा शब्द वगळून. गोंधळू नका, पत्ता विचारून घ्या.

लक्षण: 'आपला' कुठे टाकायचा ते कळत नाही

'आपला' हा मराठीतला सगळ्यात गुंतागुंतीचा मालक. स्पॅनिशमध्ये त्याला एक शब्द नाही, प्रत्येक वेळी विचारावं लागतं: इथे आपण म्हणजे कोण?

'आपलं नाव काय?' इथे आपण म्हणजे समोरचे आदरणीय. 'सू नोम्ब्रे'. 'चल, आपल्या घरी जाऊ' इथे मी आणि तू. 'नुएस्त्रा कासा'. मराठी 'आमचं' (तू सोडून) आणि 'आपलं' (तुला धरून) असा भेद करते, स्पॅनिश करत नाही, दोन्ही 'नुएस्त्रो'. 'तू आपलं काम कर': 'तू त्राबाखो'. 'राजूने आपली होडी विकली' यात आपली म्हणजे राजूची स्वतःची: 'राजू बेंदियो सू बार्का'. आणि 'राजूने त्याची होडी विकली' म्हटलं की मराठी कानाला ती दुसऱ्या कुणाची वाटते. स्पॅनिशमध्ये तेही 'सू बार्का'च होईल, भेद नाहीसा होईल. म्हणून दुसऱ्याची असेल तर त्याचं नाव घ्या: 'ला बार्का दे सू बेसीनो', शेजाऱ्याची होडी. स्वतःचीच हे ठासून सांगायचं असेल तर 'प्रोपिओ' आहे, तो वस्तूच्या लिंगाने बदलतो: 'सू प्रोपिओ बार्को', 'सू प्रोपिआ बार्का'.

होमस्टेच्या पाट्यांवर 'आपला' फार गोंधळ घालतो. 'आमच्या घरी आपले स्वागत आहे' याचं शब्दाला शब्द लावून 'सू बिएनबेनीदा' करू नका. 'बिएनबेनीदोस आ नुएस्त्रा कासा', बस. स्वागताला मालक लागत नाही. 'आपली चावी काउंटरवर द्यावी': 'देखे सू याबे एन रेसेप्सिओन'. आणि पुण्यातल्या त्या नामांकित पाटीतल्या 'आमची कोठेही शाखा नाही' यात तर स्पॅनिशमध्ये 'आमची' उरतच नाही: 'नो तेनेमोस ओत्रास सुकुर्सालेस', आम्हाला दुसऱ्या शाखा नाहीत. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे तीन जाळी आहेत' हीही सगळी 'तेंगो' (माझ्याकडे आहे) या क्रियापदाची वाक्यं, तिथे 'मी' लिहायचाच नाही.

लक्षण: 'राजू सू बार्का'

'राजूची होडी' उलटी करा: होडी, 'दे', राजू. 'ला बार्का दे राजू'. मराठीतला चा-ची-चे वस्तूप्रमाणे बदलतो, 'दे' कधीच बदलत नाही. इथे 'सू' घालायचं काहीच कारण नाही.

लक्षण: उत्तरात नुसतं 'मी'

'हे जाळं कुणाचं?' 'माझं.' मराठीत तोच शब्द नामाबरोबरही चालतो, एकटाही चालतो. स्पॅनिशचा 'मी' एकटा उभा राहू शकत नाही. एकटा उभा राहणारा वेगळा संच आहे: 'मीओ, मीआ, मीओस, मीआस', तसाच 'तूयो' आणि 'सूयो'. 'नुएस्त्रो' दोन्हीकडे तोच. हे सगळे वस्तूच्या लिंगाने बदलतात. जाळं ('रेद') स्त्रीलिंगी, म्हणून उत्तर 'मीआ', बोलणारा पुरुष असला तरी. पुरुष 'मीओ' आणि बाई 'मीआ' म्हणते असा समज वर्गात दर वेळी कुणाचा तरी असतोच.

दोन वस्तूंची तुलना असेल तर पुढे 'एल-ला' लागतो: 'मी बार्का एस ग्रांदे, ला तूया एस पेकेन्या', माझी होडी मोठी, तुझी लहान. 'माझा एक मित्र' हे 'उन मी आमिगो' नाही, 'उन आमिगो मीओ'. हाक मारताना आणि उद्गारातही हा संच नामामागे बसतो: 'दिओस मीओ!', 'इखो मीओ'. देवा माझ्या, बाळा माझ्या. मराठीतही तिथे क्रम उलटतोच.

लक्षण: 'माझ्यासाठी' चुकतं, रेघ विसरते

'माझ्यासाठी, माझ्याबरोबर, माझ्यापेक्षा, माझ्या मागे' यात मराठीला 'माझा'चंच रूप लागतं. अर्थाने मात्र इथे मालकी नाही, म्हणून स्पॅनिशमध्ये इथे मालकीचा 'मी' नाही, सहसा सर्वनामाचा 'मी' येतो, आणि त्याच्या स्वरावर उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ असते. 'पारा मी' (माझ्यासाठी) रेघेचा. 'पारा मी एर्मानो' (माझ्या भावासाठी) बिनरेघेचा. उच्चार एकच, म्हणून ऐकून कळत नाही. पुढे नाम आहे का ते बघा: नाम असेल तर रेघ नाही. 'तू'चंही तसंच: 'तू' म्हणजे आपला मराठी तू असेल तर रेघ, तुझा असेल तर नाही. 'सू'ला रेघ कधीच नाही. 'पारा ती' (तुझ्यासाठी) मधल्या 'ती'लाही कधीच नाही, तरी 'मी'च्या देखादेखी लोक तिथे ठोकून देतात.

फोनवर रेघ काढायला ते अक्षर दाबून धरा, वर पर्याय येतात. उजवीकडे चढणारी रेघ निवडा.

'माझ्याबरोबर' हा वेगळाच शब्द आहे, 'कोन्मिगो'; तुझ्याबरोबर 'कोन्तिगो'. 'माझ्यापेक्षा' म्हणजे 'के यो'. 'माझ्या मागे' म्हणजे 'देत्रास दे मी', रेघेचा. 'देत्रास मीओ' बोलण्यात खूप चालतं, पण स्पॅनिश अकादमी ते लिहिण्यात मान्य करत नाही. 'माझ्या बाजूला' मात्र 'आ मी लादो', बिनरेघेचा, कारण 'लादो' (बाजू) हे खरंखुरं नाम आहे.

लक्षण: 'मी काबेसा दुएले'

शरीर आणि अंगावरचे कपडे यांच्या बाबतीत स्पॅनिश मालकी सहसा शब्दात सांगत नाही. 'मी हात धुतले' यात मराठीही सांगत नाही, आणि स्पॅनिशमध्ये 'मे लाबे लास मानोस'. 'लाइफ जॅकेट घाला' म्हणजे 'पोंगासे एल चालेको साल्बाबिदास'. इंग्रजीतून गेलेला माणूस दोन्हीकडे उगाच 'मिस' आणि 'सू' घुसडतो. मराठीतून गेलेला सुटतो. 'माझं डोकं दुखतंय' इथे मात्र मराठीत 'माझं' आहे आणि स्पॅनिशमध्ये नाही: 'मे दुएले ला काबेसा', मला डोकं दुखतं. 'माझा फोन चोरला' हेही 'मे रोबारोन एल तेलेफोनो'. जहाजावरच्या डॉक्टरसमोर बसलात तर 'मे दुएले' पुढे 'ला' किंवा 'एल' लावून अवयव सांगा, अवयव दोन असतील तर 'मे दुएलेन लोस पिएस' (पाय दुखतात). कौतुक करताना मालकी येते, 'तुस ओखोस' (तुझे डोळे) वगैरे.

एक परिच्छेद उघडून बघू

नोकरीच्या मुलाखतीसाठी घरची ओळख असा मजकूर बनतो (म्हणायचं असतं: माझे वडील मच्छीमार आहेत. त्यांची होडी निळी आहे. आमचं घर समुद्राजवळ आहे. माझी बहीण तिच्या नवऱ्याबरोबर पनवेलला राहते. माझ्या भावाचा फोन नवा आहे, पण माझा जुना आहे. माझ्यासाठी समुद्र म्हणजे सगळं काही):

'मिस पाद्रे एस पेस्कादोर. सुस बार्का एस आसुल. नुएस्त्रो कासा एस्ता सेर्का देल मार. मी एर्माना बीबे एन पनवेल कोन सुस एस्पोसो. एल तेलेफोनो दे मी एर्मानो एस नुएबो, पेरो मी एस बिएखो. पारा मी, एल मार एस तोदो.'

पहिलं वाक्य: वडील एक, 'मी पाद्रे'. दुसरं: 'त्यांची होडी', आदराच्या 'त्यांची'ने 'सुस' ओढून आणला; होडी एक, 'सू बार्का'. तिसरं: घर स्त्रीलिंगी, 'नुएस्त्रा कासा'. चौथं: 'तिच्या नवऱ्याबरोबर' यातल्या 'तिच्या'ला अनेकवचन समजलं गेलं, नवरा एकच, 'कोन सू एस्पोसो'. पाचवं: नामाशिवाय 'मी' उभा राहिला, 'तेलेफोनो' पुल्लिंगी, म्हणून 'पेरो एल मीओ एस बिएखो'. सहावं तोंडी म्हटलं तर बरोबर आहे. कागदावर 'मी' पुढे नाम नाही, स्वल्पविराम आहे, तेव्हा तिथे रेघ हवी. आणि तिसऱ्या वाक्यातलं 'देल' म्हणजे 'दे' अधिक 'एल', त्याला हात लावू नका.

हाच मजकूर रायगडमध्ये रेवदंड्याजवळच्या कोर्लईतला कुणी बनवत असेल तर त्याच्याकडे एक जास्तीचा धागा आहे. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी चौल सोडलं, पण त्यांच्या भाषेतून तयार झालेली बोली कोर्लईतला ख्रिस्ती समाज आजही घरात बोलतो आणि तिला 'नो लिंग' म्हणतो, म्हणजे आपली भाषा. नावातला 'नो' हाच मालकीचा शब्द. स्पॅनिशमध्ये तेच 'नुएस्त्रा लेंगुआ': भाषा स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी आ. पण भाषेसाठी 'इदिओमा' वापरलात, तर 'नुएस्त्रो'.